बैलाची किंमत आणि बैलाची वैरण



बैलजोडी घ्यायला बाजारात निघालेला शेतकरी नुसती जोडीची किंमत धरून निघत नाही. वैरण किती लागेल, पेंड किती, गोठा गळतो का, घरात सांभाळणारे कोण, हे सारे तो आधी मनात जुळवतो. पण मोबाइलवर निरोप धाडणारे यंत्र घेताना आपण फक्त किंमत विचारतो. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तीही थोरल्या बंधूंच्या पैशाने. म्हणून आज तुमच्यापाशी बोलतो.

2018 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. ती बंधू पाहतात. बागेत लहानसे हवामान केंद्र बसवा, असा मी आग्रह धरला. पाऊस किती, हवेत दमटपणा किती, पान किती वेळ ओले राहिले, मातीत ओल किती, हे ते यंत्र मोजते आणि सिमकार्डावरून मोबाइलवर कळवते. डाऊनीचा धोका आधी समजतो, फवारणी अंदाजाने करावी लागत नाही. यातले एक अक्षरही खोटे नव्हते. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, पुढल्या साली याला खायला काय घालायचं, ते बी सांगा की."

मी हसलो. "वहिनी, यंत्र आहे ते. त्याला काय लागतंय?"

पहिले वर्ष झकास गेले. दुसऱ्या वर्षी कंपनीचा निरोप आला, वार्षिक फी भरा. त्यातच मातीतल्या ओलीची वायर उंदरांनी कुरतडली. दुरुस्तीचा माणूस शहरातून येणार, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च वेगळा. नेमकी गोडी छाटणीची वेळ. मजुरी, औषधे, सोसायटीचे देणे, सारे एकदमच उभे. बंधू म्हणाले, "पुढं बघू." निरोप येणे थांबले.

आणि 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला. नाशिककडच्या बागांची काय गत झाली ते तुम्हांला आठवत असेल. यंत्र चालू असते म्हणून पाऊस थांबला नसता. पण दोन सरींच्या मधली कोणती वेळ फवारणीची, एवढे तरी कळले असते. यंत्र बागेत मुके उभे राहिले आणि डोळ्यांदेखत घड गेले. बंधू मला एका शब्दाने बोलले नाहीत. वहिनीही नाहीत. तेच मला जास्त लागले.

त्या हिवाळ्यात कागद घेऊन बसलो आणि आधीच मांडायला हवा होता तो हिशेब मांडला. भाव कंपनीगणिक बदलतात, म्हणून आकडे समजुतीपुरते धरा. यंत्र 40,000 रुपये. खांब, कुंपण, बसवणी 6,000. पहिल्या वर्षाची फी किमतीतच आली असे धरले, तरी पुढच्या दोन वर्षांची 16,000. बॅटरी, वायर, दुरुस्ती तीन वर्षांत 9,000. आणि अडीअडचणीला 7,000. बेरीज 78,000. म्हणजे चाळीस हजारांचे यंत्र तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट किमतीला पडते. चार एकरांवर वाटले तर एकरी वर्षाला 6,500 रुपये. आता आपल्या एका फवारणीचा औषध, डिझेल, मजुरीसह एकरी खर्च काढा. वर्षात किती फवारण्या वाचल्या म्हणजे हे पैसे निघतील, ते घरातच कळेल.

विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरचेही तसेच. रात्रीच्या पाळीच्या विजेला तो फार सोयीचा. पण घेण्याआधी विहिरीवर उभे राहून रेंज पाहा. तो 2जी वर चालणारा असेल, तर ज्या कंपनीची 2जी सेवाच नाही तिचे सिम त्यात चालणार नाही. रीचार्ज संपला की स्टार्टर गप्प. त्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या वर्षापासून फी किती? फी थांबली तर यंत्र काय काय करील? बिघडले तर माणूस किती दिवसांत येईल आणि त्याचे किती घेईल? उत्तर गोलमाल आले तर खिशात हात घालू नका.

2021 मध्ये आम्ही ते यंत्र पुन्हा चालू केले, पण शेजारच्या दोघा बागाईतदारांना बरोबर घेऊन. बागा लागूनच आहेत, म्हणून पावसापाण्याची खबर तिघांना चालते. मातीतल्या ओलीचे मात्र ज्याचे त्याने पाहायचे. फीचे पैसे द्राक्षाची पट्टी हाती येताच बाजूला काढतात, छाटणीची वाट पाहत नाहीत. वही वहिनींकडे असते. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिले आहे : यंत्राची वैरण.

तुमच्या घरात नवे यंत्र यायचे असेल, तर आधी अशी एक वही आणा. आणि हिशेबाला बसाल तेव्हा घरच्या लक्ष्मीलाही जवळ बसवा. मी तेवढेच केले नव्हते.