उसण भरते, मणका सरकतो

दिव्याहून वसईकडे जाणारा लोहमार्ग कोपरला मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून जातो. त्यामुळे या स्थानकाला खालचे आणि वरचे असे दोन भाग आहेत. त्यांना जोडणाऱ्या जिन्यावर, उत्तरपत्रिकांचे ओझे खांद्यावर असताना, आमच्या पाठीत उसण भरली.

आमच्या लहानपणी उसण भरली की पायाळू माणसाचा शोध सुरू होई. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण निघते, ही समजूत. आजी असा पाय लावून घेई, आणि आम्ही हसत असू. आम्ही स्वतः गेलो ते कायरोप्रॅक्टिक उपचारकाकडे. शब्द ग्रीक, अर्थ ‘हाताने केलेले’. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे ही पद्धती सुरू केली. पायाच्या जागी हात आला, इतकेच.

उपचारकाने आम्हांला कुशीवर निजवले, वरचा गुडघा पोटाशी घेतला, खांदा मागे रेटून धरला आणि कमरेला आखूड, नेमका झटका दिला. ‘कट्’ असा आवाज झाला. “मणका सरकला होता, बसवला,” ते म्हणाले. वेदना खरोखरच उतरली.

ते वाक्य मात्र उतरले नाही. आयुष्यभर प्रतिमा शिकवणारे आम्ही, ही प्रतिमा वस्तुस्थिती मानून बसलो. मणका पुन्हा सरकेल या धास्तीने वाकणे सोडले. नातवाला उचलून घेणेही सोडले.

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्याचे पृष्ठभाग एकदम दूर होतात आणि आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते; बोटे मोडताना घडणारी ही क्रिया कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एमआरआयवर टिपली. उपाय निरर्थक आहे असे नव्हे. कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली शेक आणि मालीश यांच्यासोबत मणक्यांच्या हाताळणीलाही स्थान दिले. मानेला दिलेल्या झटक्यानंतर क्वचित रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हेही विसरू नये.

हाताने आराम दिला. त्याने सांगितलेल्या गोष्टीने आम्हांला जखडले. आजीच्या भाषेत उसण भरे आणि निघून जाई. संध्याकाळी ती भाकऱ्या थापायला बसे. आमच्या भाषेत कणाच बिघडलेला राहिला.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने आम्हांला पुन्हा वाकायला शिकवले. तोवर नातू कोपरचा जिना आपला आपण चढू लागला होता.