लायडनचं देणं

नेदरलँड्समधल्या लायडनला उतरले तेव्हा माझ्याजवळ एक बॅग, विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं पत्र आणि थोडे दिवस कसेबसे पुरतील एवढे पैसे होते. ठरलेली खोली ऐन वेळी दुसऱ्या कुणाला दिली गेली होती आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कुठल्याशा कार्यालयात सहीवाचून अडकला होता. पीटर्सकेर्क या जुन्या चर्चमागच्या गल्लीत एका चिंचोळ्या घरावर हॉटेलची लहानशी पाटी दिसली आणि मी घंटा वाजवली.

घर सतराव्या शतकातलं. जिना इतका उभा की चढताना कडेचा दोर धरावाच लागे. माथ्याला बाहेर आलेली तुळई, तिला लोखंडी आकडा. कपाटं-पलंग अशा जिन्यातून कसे जाणार? ते दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. सगळे त्यांना मेफ्राउ म्हणत, मीही म्हणू लागले.

मी माझी अडचण सरळ सांगितली. त्या हळहळल्या नाहीत, उलटतपासणीही केली नाही. पासपोर्ट पाहून परत दिला, खणातून एक रेघांची वही काढली, माझं नाव कसं लिहायचं ते विचारून घेतलं, त्यापुढे खोलीचा दर मांडला आणि म्हणाल्या, "पैसे आले की द्या." आमच्या वेंगुर्ल्याला वाण्याच्या दुकानात अशी वही असे. पण त्या वाण्याला माझ्या आजोबांपासूनची माणसं ठाऊक होती. इथे मला ओळखणारं कोण होतं?

सकाळी न्याहारीला ब्रेड, लोणी, उकडलेलं अंडं आणि लायडनचं चीज. पहिल्याच घासाला दाताखाली जिरं आलं! जिरं घातलेलं चीज ही या शहराची जुनी खासियत. माझा चेहरा मेफ्राउंनी पाहिला असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटलीत त्या चीजचा एक काप जास्त येऊ लागला. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत.

वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या पडक्या भिंती बघत मी लहानाची मोठी झाले. डचांविषयीचं कुतूहल तिथलं, आणि त्यापायीच मी 'होर्टस मलबारिकस' पाहायला आले होते. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारातल्या वनस्पतींवर सिद्ध केलेला हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची साक्ष आहे. तशीच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांची, १६७५ सालची, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. ग्रंथालयात पेनाला मनाई, म्हणून मी पेन्सिलीने ते कोकणी साक्षीपत्र अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं.

संध्याकाळी मेफ्राउंनी विचारलं, "आज काय वाचलंत?" मी त्यांना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. एक शब्दही कळत नसताना त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग पत्रात काय आहे ते समजून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्यांनी काम केलं त्यांची नावं पुस्तकात आली. बरं झालं."

३ ऑक्टोबर हा लायडनचा सगळ्यात मोठा दिवस. १५७४ साली स्पॅनिश फौजेच्या वेढ्यात या शहराने हजारो माणसं उपासमारीने आणि साथीने गमावली. अखेर बांध फोडून पाणी शेतांवर घेतलं गेलं आणि त्या पाण्यावरून सपाट बुडाच्या नावा हेरिंग मासे आणि पांढरा पाव घेऊन वेशीशी आल्या. पुढच्याच वर्षी इथे विद्यापीठ निघालं. अजूनही त्या दिवशी गावात हेरिंग आणि पाव फुकट वाटतात, आणि घरोघर हुट्सपोट हा ठेचलेल्या भाज्यांचा पदार्थ शिजतो.

एरवी पाहुण्यांना बंद असलेल्या स्वयंपाकघरात त्या दुपारी मेफ्राउंनी मला बोलावलं. गाजरं आणि कांदे मी चिरले, बटाटे त्यांनी सोलले. सगळं एका पातेल्यात मऊ शिजवून, पाणी निथळून, लोणी घालून लाकडी ठेचणीने ठेचायचं. मी जोरात ठेचू लागले तशी त्यांनी माझा हात धरला. गाजराचा तुकडा दिसायला हवा, अगदी लगदा नको. सोबतचं मांस मी खात नाही म्हणून त्यांनी ते वेगळ्या भांड्यात शिजवलं होतं. जेवताना म्हणाल्या, "नावा घेऊन आले त्यांना आता काय परत देणार? म्हणून आम्ही दर वर्षी हे जेवतो."

पुढे पैसे आले. मी हिशेब चुकता केला, त्यांनी रक्कम मोजून घेतली आणि माझ्या नावापुढे रेघ मारली. त्यात सवलत नव्हती, उपकाराचा आवही नव्हता. एका अनोळखी मुलीच्या शब्दावर त्यांनी घराची किल्ली दिली होती, आणि त्या भरवशाची नोंद त्या वहीत कुठेच नव्हती.

मेफ्राउ आता नाहीत. माझा प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्याही आधी मी त्यांचं नाव घातलं. प्रकाशकांनी सुचवलं, विद्वानांची नावं वर घेऊ. मी नाही म्हटलं. मेफ्राउंनी आसरा दिला नसता तर माझं काम पहिल्याच आठवड्यात थांबलं असतं. ३ ऑक्टोबरला आमच्या घरी हुट्सपोट होतं, त्यावर मी जिऱ्याची फोडणी घालते. मुलं दर वर्षी विचारतात, आज हे का? मग मी त्यांना मेफ्राउंची गोष्ट पहिल्यापासून सांगते. उपकार फेडता आले नाहीत तरी ते नाव घेऊन सांगता येतात, आणि तेवढं तरी मी कधी चुकवणार नाही.