कुंडी, खुर्ची आणि आमची गाडी

परवा रविवारी मार्दोळला म्हाळसेच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. आई सकाळीच साडी नेसून तयार. मी किल्ली घेतली, खिडकीतून खाली बघितलं आणि म्हटलं, "पुढच्या रविवारी जाऊया." कारण? गाडी नेमकी घरासमोर लागली होती! एकदा हलवली की संध्याकाळी ती जागा परत मिळेल याची खात्री नाही. फिरायला म्हणून घेतलेली गाडी हलू नये म्हणून आम्ही घरी बसलो.

आम्ही पणजीच्या मळ्यात राहतो. एका अंगाला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या अंगाला रुआ दि ओरेंची खाडी आणि मध्ये आमच्या गल्ल्या. फोंतेन्हास लागूनच. ही घरं उभी राहिली तेव्हा माणसं पायी चालायची, गाडीसाठी जागा सोडायचं कुणाच्या डोक्यात कशाला येईल? आता दर्शनी भिंत फोडून गॅरेज करू म्हटलं तर जुन्या वस्तीत तशी परवानगी मिळत नाही. (मिळू नयेच, हे माझं मत. पण ते गाडी दूर लावून पावसात भिजत येताना बदलतं.) २०११च्या जनगणनेत पणजीची लोकसंख्या होती जेमतेम ४० हजार. पण कचेऱ्या, बाजार, बँका इथेच, त्यामुळे दिवसा अर्धा गोवा इथे. रात्री मांडवीतल्या कॅसिनोंचे गिऱ्हाईक. २००४ पासून नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव. मारुतीच्या जत्रेतही गाडी लावायला जागा नसते, पण तेव्हा कुणी कुरकुरत नाही. ती आपली जत्रा ना!

पर्यटकांची तर वेगळीच तऱ्हा. एकदा एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "अंकल, गाडी जरा हलवाल? फोटोत येतेय." मागची निळी भिंत त्याला हवी होती. मी हलवली नाही. दहा मिनिटांनी दुसऱ्या मुलीला त्याच गाडीला टेकून फोटो काढताना बघितलं तेव्हा जरा बरं वाटलं.

असो. मी स्वतः ऑफिसला चालत जातो. गाडी घेतली ती आईसाठी. तिचे गुडघे गेलेत, दर मंगळवारी गोमेकॉत न्यावं लागतं. जाताना सोपं असतं. परत येईपर्यंत आमच्या जागी काळ्या पाटीची, भाड्याची गाडी उभी. मग आईला दारात उतरवायचं, मागच्यांचे हॉर्न ऐकायचे, ती एक हात भिंतीला लावून उभी राहणार आणि मी खाडीच्या कडेने जागा शोधत फिरणार. एकदा परत आलो तर ती पायरीवरच बसलेली. "कंटाळले नाही रे, लोक बघत होते," म्हणाली.

त्या रात्री मी अर्ज लिहायला घेतला. रहिवाशांना स्टिकर द्यावेत, रात्री गल्लीत फक्त त्यांच्याच गाड्या लागाव्यात, वगैरे. मी कारकून माणूस, अर्ज लिहिता लिहिताच त्यावरचा शेरा दिसायला लागला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७. गाड्या कुठे उभ्या कराव्यात ते सरकारने ठरवावं असं त्यात आहे, 'रहिवासी' हा शब्दच नाही. शिवाय रहिवासी म्हणजे कोण? आमच्या गल्लीतली कितीतरी घरं आता गेस्ट हाऊस झालीत. त्यांच्या पाहुण्यांना स्टिकर द्यायचा? ज्या घरात तीन गाड्या आहेत त्यांना तीन? ही फाईल माझ्याच टेबलावर आली असती तर मीसुद्धा 'रस्ता सार्वजनिक आहे' असं लिहून परत पाठवली असती.

तरी लिहिलं. मुद्दा क्रमांक तीन मी मोठ्या तावातावाने घातला होता: जागा अडवण्यासाठी रस्त्यावर ठेवलेल्या कुंड्या, दगड, मोडक्या खुर्च्या ताबडतोब हटवाव्यात. कोपऱ्यावरच्या गेस्ट हाऊसच्या कुंड्या मनात होत्या.

सह्या घेत समोरच्या बायकडे गेलो. ऐंशीच्या घरातली बाई. चष्मा लावून तिने अख्खा अर्ज वाचला, तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मागीर मंगळारा कदेल दवरचें न्हय मरे?"

मला आधी कळेना. मग दाराआड ठेवलेली वेताची मोडकी खुर्ची दिसली. अलीकडे दोन-तीन मंगळवार आमची जागा रिकामी मिळत होती, ते माझं नशीब नव्हतं. आम्ही निघालो की बाय खुर्ची आणून ठेवायची आणि कोपऱ्यावर गाडी दिसली की उचलून आत न्यायची.

तिच्याच पेनने मी तिसरा मुद्दा खोडला. चौथ्याचा तीन केला. बायने सही केली.