मानेखाली टॉवेल

प्रिय चिमणे,



तुझा निरोप काल रात्री तुझ्या आईने मामाला वाचून दाखवला. पणजीतला कार्यक्रम छान झाला, लोकांनी शेवटचं गाणं पुन्हा वाजवायला लावलं, हे ऐकून बरं वाटलं. पण मधल्या दोन वाक्यांनी मामाची झोप उडवली. गिटार बसच्या डिकीत टाकली होती, आणि कराडच्या पुढे रात्री बस थांबली तेव्हा एकटीच खाली उतरून, क्लीनरला डिकी उघडायला लावून बघून आले, असं तू अगदी सहज लिहितेस! आणि एवढं सांगून झाल्यावर प्रश्न काय, तर दोन हजारांत कुठली बॅग चांगली?

बॅगेचं पुढे बघू. आधी मानेचं ऐक.

इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाची असते, तिला काय होतंय, असं तुझ्या बँडमधली मुलं म्हणतात. अंगाला खरंच सहसा काही होत नाही. फार तर टवका उडतो. मोडते ती मान, आणि तुझ्या लेस पॉल घाटाच्या गिटारीची ठरलेल्या जागी मोडते: मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, लगेच मागे, जिथून खुंट्यांचा हेडस्टॉक मागे झुकतो. गिब्सनने १९५२ मध्ये हा घाट बाजारात आणला तो महोगनीच्या एका तुकड्यातून मान आणि हेडस्टॉक कोरून, आणि हेडस्टॉकला १७ अंशांचा झुकाव देऊन. लाकडाचे रेषे सरळ धावतात, हेडस्टॉक मात्र मागे वळतो, त्यामुळे त्या वळणावर रेषे आखूड पडतात. मानेच्या आतल्या ट्रस रॉडची चावी फिरवायची खाचही नेमकी तिथेच खोदलेली असते. म्हणजे जिथे लाकूड आधीच कमजोर, तिथेच ते पोखरलेलं. वर सहा तारांचा मिळून साधारण ४५ किलोंचा ओढा अष्टौप्रहर चालू. खुद्द गिब्सनलाही हे दुखणं ठाऊक होतं. साठच्या दशकाच्या मध्यात त्यांनी झुकाव १४ अंशांवर आणला, पुढे त्या जागी पाठीमागे लाकडाचा उंचवटाही ठेवला. जुन्या चालीच्या चाहत्यांना तो रुचला नाही आणि काही वर्षांनी तो गेला.

याउलट १९५४ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर बघ. हेडस्टॉक मागे झुकतच नाही, मान मेपलची, अंगाला चार स्क्रूंनी जोडलेली. ती पडते, खरचटते आणि बहुतेक वेळा पुन्हा वाजायला लागते. तुझ्या मैत्रिणीची स्ट्रॅट डिकीतून धडधाकट उतरली म्हणून तुझीही उतरेल, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे.

आता डिकीत काय होतं ते डोळ्यांपुढे आण. बॅग कडेला उभी आहे. आंबोलीच्या वळणावर ती पाठीवर आडवी होते. गिटारीचं धूड तळाला टेकून थांबतं, पण सहा धातूच्या खुंट्यांचं वजन घेतलेला हेडस्टॉक थांबत नाही, तो आपल्या वेगाने मागेच जात राहतो. मान नटच्या मागे तडकते. बॅगेला बाहेरून ओरखडासुद्धा नसतो. किती जणांनी झाकण उघडल्यावरच पाहिलंय की तारा लोंबताहेत आणि हेडस्टॉक त्यांच्याच आधाराने टांगलाय!

म्हणून पेटी किती कडक, याआधी मानेखाली काय आहे ते बघायचं. चांगल्या हार्ड केसमध्ये मानेच्या मधोमध गादी असते आणि हेडस्टॉकच्या मागे जागा मोकळी सोडलेली असते. तो कशालाच टेकत नाही. साध्या बॅगेत हे आपल्याला करावं लागतं. जुन्या टॉवेलची घट्ट वळकटी मानेखाली, अंगापासून नटच्या अलीकडेपर्यंत. हेडस्टॉकच्या खाली नको, कारण मग प्रत्येक हिसका थेट त्यालाच बसतो. हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना मोजे कोंब, म्हणजे तो डावी-उजवीकडे हलणार नाही. मग चेन लावून बॅग दोन हातांत धरून हळूच हलव. आत ठक् झालं तर पुन्हा उघड.

तारा दोन-तीन सूर उतरवून ठेव. पार सैल करून महिनोन्महिने ठेवू नकोस. ओढा गेला की आतला ट्रस रॉड मानेला उलटा बाक आणतो. तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये एक कागद सरकव. तुमच्या बँडमधल्या मुलाच्या गिटारीला फ्लॉइड रोझचा तरंगता ब्रिज आहे ना? त्याच्या तारा उतरवायच्या तर आधी ब्रिजखाली लाकडाचा तुकडा अडकवायला सांग, नाही तर मागच्या स्प्रिंगा सगळा ब्रिज आत ओढून घेतात.

मे महिन्यात तू घरी आलीस तेव्हा मामाने तुझी बॅग नीट पाहिली होती. दुकानात गिटारीबरोबर मिळालेली ती पातळ गवसणी. पुढच्या कप्प्यात केबल, अडॅप्टर आणि तो लाल पेडल. पेडलचा कोपरा आतून बरोबर ब्रिजवर दाबत होता, कापडावर तारांचे सहा वळ उमटले होते. तळाशी पट्ट्याचं बटण कापड भोसकून बाहेर यायच्या बेतात होतं. बॅग जमिनीवर आपटून ठेवली की तो सगळा मार त्या एका स्क्रूवर आणि त्याच्या भोवतालच्या लाकडावर. लोक गिटारीवर तीस हजार घालतात, पेडलवर दहा घालतात आणि जिच्यात हे सगळं फिरणार तिच्यासाठी खिशात हात घालत नाहीत! मामाचं मत तुला ठाऊक आहे आणि ते बदलणार नाही: आधी पेटी, मग गिटार. पैसे कमी असतील तर थोडी हलकी गिटार घ्यावी, पण पेटी घ्यावी. आणि वाद्याने माणसाजवळ बसून प्रवास करावा, सामानात नाही. मिरजेहून येताना सामानात आजीचा तंबोरा कसा मोडला ते घरात सगळ्यांना माहीत आहे. आजी तरी तारा उतरवून, दोन चादरी गुंडाळून निघाली होती.

विमानाने जाशील तेव्हाही हेच. डेव्ह कॅरोल या कॅनडाच्या गायकाची टेलर गिटार २००८ मध्ये शिकागोच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्यांच्या हाती मोडली. महिनोन्महिने दाद मिळेना, तेव्हा त्याने २००९ मध्ये त्या विमान कंपनीवर गाणंच केलं आणि ते जगभर गाजलं. गाणं गाजलं, पण दुरुस्तीचा खर्च त्याच्याच खिशातून गेला होता. पेटी सोपवावीच लागली तर विमानतळावर हेडस्टॉक आणि खुंट्यांचा फोटो काढून मगच सोपवायची. वायरलेसच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र सामानात टाकायच्या नाहीत, त्या केबिनमध्येच जवळ ठेवायच्या.

घरी गिटार स्टँडवर उभी असते, हेही मामाला पसंत नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो, आणि गिटारीला मानवतो तो ४५ ते ५५ टक्के. तारा गंजतात, जॅक खरखरतो, फ्रेटवर हिरवट थर चढतो. बाहेरच्या भिंतीला ओल असते, तिथे गिटार टांगायची नाहीच. वाजवून झालं की तारा कोरड्या कापडाने पुसायच्या, गिटार पेटीत आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. दाण्यांचा रंग बदलला की पुड्या वाळवायच्या किंवा बदलायच्या. एसी बसमधून पणजीच्या दमट हवेत उतरलीस की पेटी लगेच उघडू नकोस. गार तारांवर आणि पिकअपवर दव धरतं. अर्धा तास तशीच राहू दे.

आणि पेटी जमिनीवर नको, कपाटाच्या वरच्या फळीवर. मे २०१० मध्ये नॅशव्हिलला कंबरलँड नदीचा पूर साउंडचेक नावाच्या गोदामात शिरला. विन्स गिल, ब्रॅड पेझ्ली, कीथ अर्बन यांच्यासारख्यांची वाद्यं तिथे ठेवलेली होती, कितीतरी गिटारी पेट्यांसकट पाण्यात गेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आपलं कलिन्याचं घर कसं पाण्यात होतं ते तुझी आई सांगेल. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

पण चिमणे, हे सगळं एकीकडे आणि तुझं ते रात्री उतरणं एकीकडे. १९४९ च्या थंडीत आर्कान्सॉच्या ट्विस्ट गावी बी. बी. किंग वाजवत असताना दोघांची मारामारी झाली, पेटत्या रॉकेलचा डबा उलटला आणि हॉलला आग लागली. बाहेर सुटलेला किंग गिटारीसाठी पुन्हा आत धावला. थोडक्यात वाचला. भांडण जिच्यावरून झालं त्या बाईचं नाव त्याने गिटारीला दिलं, ल्युसील, पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण म्हणून. तू त्याची चाहती आहेस, मग एवढं ऐक. हायवेवर, अंधारात, एकटीने बसमधून उतरायचं नाही. बस तुला सोडून निघाली असती तर? गिटारीसाठीही नाही, कशासाठीच नाही. परतीला डबल बर्थ घे. पैसे मामा देईल. भिंतीच्या बाजूला गिटार, अलीकडे तू. बॅगेसकट ती तुझ्यापेक्षा आखूड आहे.

बॅगेसाठी दोन हजार पुरणार नाहीत. मानेला आधार असलेली फोमची पेटी घेऊ, वरचे पैसेही मामाचे. पण आज एक काम कर. तारा उतरव आणि नटच्या मागचं लाकूड खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघ. पॉलिशमध्ये केसाएवढी जरी रेघ दिसली तरी वाजवू नकोस, फेव्हिक्विक तर मुळीच ओतू नकोस, त्याने पुढे सरस धरत नाही. गिटार सरळ कारागिराकडे ने आणि रात्री मामाला फोन कर.

तुझा,
मामा