नाव कुणाचे, ओवी कुणाची?

बहिणाबाई चौधरींची गाणी आज वाचता येतात, कारण सोपानदेवांनी ती लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि संग्रह १९५२ साली निघाला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलले, ते साने गुरुजींनी टिपून घेतले. दोन्ही ठिकाणी गाणारा वा बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा. तरीही शब्द कोणाचे, हे शब्दांसोबतच टिकले. आमच्या हातून नेमके तेच निसटले, आणि तेही एका यंत्राच्या स्मरणशक्तीमुळे.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक जळगावात, दुसरा धुळ्यात. २०११ साली आमच्या विद्यार्थ्यांनी एरंडोल-पारोळ्याच्या बाजूने अहिराणी ओव्या जमवल्या. जात्यावरच्या ओवीला कवयित्रीचे नाव नसते. म्हणून निदान गाणारीचे तरी असावे, असा आमचा आग्रह होता. ओव्या संगणकावर चढल्या. अपाची हा वेब सर्व्हर, त्याच्या पोटात पर्ल भाषा चालवणारे मॉड-पर्ल हे मॉड्यूल, आणि मदतीला संगणक विभागातले एक सहकारी. पुढे ते बदलून गेले आणि दुरुस्तीचे काम आमच्याकडे आले.

पहिले संकट कंपाइलचे. सर्व्हरवरची पर्लची आवृत्ती बदलली आणि अपाची सुरूच होईना. 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' एवढाच त्याचा हेका. जुन्या पर्लच्या मापाने कंपाइल केलेले मॉड्यूल नव्या पर्लला जुळत नाही. ते नव्याने कंपाइल करावे लागते आणि त्यासाठी पर्ल व अपाची या दोहोंच्या हेडर फायली वेगळ्या बसवाव्या लागतात. हे कळायला आम्हांला तीन रविवार लागले.

दुसरे संकट मेमरीचे. मॉड-पर्लमध्ये पर्ल दर पानासाठी नव्याने जागे होत नाही. प्रोग्राम एकदा कंपाइल होतो आणि प्रत्येक प्रोसेसच्या स्मृतीत तसाच राहतो. वेग येतो तो यामुळेच. पण एकेक प्रोसेस फुगत ४० एमबीपर्यंत जाई. यंत्राची रॅम ५१२ एमबी, आणि एकाच वेळी १५० प्रोसेस चालवण्याची मुभा! बारा प्रोसेसमध्येच रॅम संपे, उरलेला भार डिस्कवर जाई आणि एक ओवी उघडायला काही मिनिटे लागत. आम्ही ही मुभा आठवर आणली. शिवाय पाचशे पाने दिली की प्रोसेसने संपावे आणि तिच्या जागी नवी यावी, असा नियम घातला. अपाचीत या आज्ञेचे नाव तेव्हा 'मॅक्स-रिक्वेस्ट्स-पर-चाइल्ड' होते. २०१२ च्या २.४ या आवृत्तीपासून ते 'मॅक्स-कनेक्शन्स-पर-चाइल्ड' झाले. यंत्र हलके झाले आणि आम्ही निर्धास्त झालो.

मग एक विद्यार्थिनी आली. "सर, मनी आजीनं नाव कथा गयं?" ओवी आजीचीच होती, खाली नाव भलत्याच बाईचे होते. आम्ही पान उघडले तर नाव बरोबर. तिने उघडले तर चूक, आणि तासाभराने चुकीचे नावही बदललेले. टंकलेखन पाच वेळा तपासले. खरे सांगायचे तर मनातून तिच्यावरच अविश्वास दाखवला.

शेवटी उपयोगी पडली ती पाठचिकित्सेची सवय. अनेक लेखनिकांच्या प्रतींतला दोष शोधताना एकेक प्रत वेगळी काढून पाहतात. अपाचीही 'वजा एक्स' हा पर्याय देऊन एकाच प्रोसेसवर चालवता येतो. तसा चालवला आणि दोष लगेच समोर आला. पहिल्या उघडलेल्या ओवीखाली जे नाव येई, तेच पुढच्या प्रत्येक ओवीखाली येत राही.

कारण असे. मॉड-पर्ल आपल्या सोयीसाठी सबंध प्रोग्राम एका सबरूटीनमध्ये गुंडाळते. त्यामुळे आतल्या सबरूटीन्स पोटसबरूटीन्स ठरतात, आणि बाहेरच्या चलाचे पहिले मूल्य त्या कायमचे धरून बसतात. आठ प्रोसेस म्हणजे आठ लेखनिक, आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपापली पहिली बाई! जुनी प्रोसेस संपून नवी आली की चुकीचे नावही नवे. हे चल 'सामायिक राहणार नाही', असा इशारा एरर लॉगमध्ये कधीचा नोंदला गेला होता. आम्ही तो उघडलाच नव्हता. जुन्या पोथीच्या समासातली बारीक टीप आम्ही भिंग लावून वाचतो. ही मात्र राहिली.

दुरुस्ती चार ओळींची होती. नाव बाहेरून उचलू न देता प्रत्येक वेळी सबरूटीनच्या हाती सोपवायचे. मेमरीचे गणित सुटले तेव्हा आम्ही समजलो होतो की यंत्र फार जागा अडवते, एवढाच दोष. खरा दोष ते काय विसरत नाही यात होता. लोकसाहित्याचे संकलक म्हणून आम्ही विस्मरणालाच शत्रू मानत आलो. एकीची आठवण दुसरीच्या ओवीखाली आणून ठेवणारी स्मृतीही तितकीच घातक असते, हे मात्र तेव्हा उमगले.

पारोळ्याकडच्या त्या गावी जाऊन आम्ही आजींची माफी मागितली. त्या हसल्या. ओवी आपल्या आईची, आपले नाव नसले तरी चालेल, म्हणाल्या. पण नाव घालणार असाल तर दुसरीचे घालू नका, असेही बजावले. परत आल्यावर आम्ही त्यांच्या नावाशेजारी त्यांच्या आईचे नाव लिहिले आणि मग एरर लॉग उघडला.