मन्सीच्या मैदानावरील छोटीं हेलिकॉप्टरें

'हेलिकॉप्टर' हा शब्द इंग्रजी बोलणारे लोक 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडतात; परंतु हा विग्रह व्युत्पत्तीस धरून नाहीं. १८६१ सालीं फ्रान्समधील पाँताँ द आमेकूर या गृहस्थांनीं 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र व 'प्टेरॉन' म्हणजे पंख या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनविला. हें 'प्टेरॉन' आणि आपल्या संस्कृतांतील 'पत्' धातूपासून झालेला, पंख या अर्थाचा 'पत्र' शब्द, हीं एकाच कुळांतील भावंडें होत. तेव्हां 'मळसूत्री पंखांचें यान' असा त्याचा सरळ अर्थ. शब्द सरळ असला तरी वस्तु मात्र मोठी हट्टी. आणि तिचा हट्ट जवळून पाहण्याचा योग आम्हांस अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत आला.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंडियानापोलिस येथें राहतात. २०१९ च्या उन्हाळ्यांत आम्ही त्यांच्याकडे गेलों, तेव्हां घरांत एक वाद चालला होता. अकरा वर्षांच्या नातवास वाढदिवसाला बिनतारी हेलिकॉप्टर हवें होतें, आणि तेंही मोठें. सूनबाईंचा ठाम विरोध होता व त्यास कारणही तसेंच होतें. २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुक्लिन भागांत एका एकोणीस वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच हेलिकॉप्टरचें पातें लागून मृत्यु झाला होता, आणि तो तरुण कांहीं नवशिका नव्हता. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, ऑगस्टांत मन्सीला या छंदाच्या लोकांचा मेळा भरतो. आधीं पाहूं, मग ठरवूं." सूनबाईंनीं हें मान्य केलें, आणि एका शनिवारीं सकाळीं आम्ही सर्वजण निघालों.

इंडियानापोलिसपासून मन्सी ईशान्येस सुमारें ९० किलोमीटर. दोन्ही बाजूंस मक्याचीं व सोयाबीनचीं शेतें. घाटमाथ्याच्या माणसाला चुकल्यासारखें व्हावें इतका प्रदेश सपाट. गांव व्हाइट नदीच्या कांठीं वसलेलें आहे. येथील बॉल बंधूंच्या कांचेच्या बरण्या अमेरिकेंतील घरोघर लोणच्या-मुरंब्यांसाठीं प्रसिद्ध झाल्या, आणि त्याच घराण्याच्या नांवाचें विश्वविद्यालयही येथें आहे. १९३६ सालीं स्थापन झालेल्या 'अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स' या संस्थेचें मुख्य ठाणें याच गांवीं असून तिचें आवार एक हजार एकरांहून मोठें आहे. आंत विमानांच्या प्रतिकृतींचें संग्रहालयही आहे. डोंगर नाहीं, तारा नाहींत, दाट वस्ती नाहीं. या खेळास याहून सोयीची जागा क्वचितच सांपडेल.

मैदानाच्या कडेला तंबूंची रांग होती. प्रत्येक तंबूंत एक टेबल, त्यावर यंत्रें, हत्यारें व विद्युत्घट भरण्याचीं साधनें. पुढें ठराविक अंतरावर उड्डाणाच्या जागा, आणि प्रेक्षकांनीं ओलांडूं नये अशी मर्यादारेषा. मोठ्या वर्गाच्या यंत्राचें एकेक पातें ७०० मिलिमीटर लांब, वजन सुमारें ५ किलोग्रॅम, आणि माथ्यावरचा पंखा मिनिटास सुमारें २००० फेरे घेणारा. त्या हिशेबानें पात्याच्या टोकाचा वेग ताशीं ६०० किलोमीटरच्या आसपास येतो. आम्हीं हें गणित कागदावर मांडून नातवास दाखविलें, तेव्हां तो प्रथमच गप्प झाला. तीं यंत्रें उलटीं होऊन उडत, शेपटीवर उभीं राहत, कोलांट्या घेत. आणि चार-सहा मिनिटांत घट संपला कीं मुकाट्यानें खालीं उतरत.

परंतु आमचें लक्ष वेधलें तें एका कोपऱ्यानें. तेथें सत्तरीच्या घरांतले एक गृहस्थ आपलें यंत्र डोळ्यांच्या उंचीवर नुसतें एका जागीं उभें करून होते. कोलांटी नाहीं, गिरकी नाहीं. चिरंजीवांनीं विचारतां ते म्हणाले कीं, रोज पहिला घट आपण असाच खर्च करतों; ज्याला एका जागीं राहतां येत नाहीं त्यानें पुढें जाऊं नये.

यांतलें मर्म समजून घेण्यासारखें आहे. विमान पुढें जात असतांना त्याची घडणच त्याला बरीचशी सांवरते. हेलिकॉप्टरचें तसें नाहीं. माथ्यावरचा पंखा एका दिशेस फिरूं लागला कीं धड उलट दिशेस फिरूं पाहतें; तें आवरण्यासाठीं शेपटीला लहान पंखा लागतो. वर-खालीं, पुढें-मागें, डावें-उजवें आणि तोंड वळविणें, या चारही गोष्टी दोन आंगठ्यांनीं एकाच वेळीं सांभाळाव्या लागतात, व एक हलविली कीं बाकीच्या बिघडतात. त्यांत यंत्राचें तोंड आपल्याकडे वळलें कीं त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. शाळेंत कवाईत घेतांना मुलांकडे तोंड करून 'उजवा हात वर' म्हणायचें आणि आपण डावा वर करायचा, ही कसरत आम्हीं वर्षानुवर्षें केली आहे. पण तेथें हात चुकला तर मुलें हंसत, येथें यंत्र फुटतें किंवा माणूस जखमी होतो.

त्या गृहस्थांनीं नातवास जवळ बोलाविलें. दोन नियंत्रक एकमेकांस जोडून गुरूनें शिष्याच्या हातीं यंत्र द्यावें, आणि तोल जातांच एका कळीनें परत घ्यावें, अशी सोय या छंदांत आहे. नातवास तें यंत्र चार सेकंदही स्थिर ठेवतां आलें नाहीं. प्रत्येक वेळीं गुरूंनीं तें शांतपणें सांवरलें. मग त्यांनीं सूनबाईंकडे वळून निवड कशी करावी हें सांगितलें. तें वाचकांच्याही उपयोगीं पडेल.

एकावर एक उलट फिरणाऱ्या दोन पंख्यांचें यंत्र आपोआप तोल धरतें. तें घरांत उडवावयास ठीक, पण त्यानें हात फारसा तयार होत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत पात्यांचा कल कायम असतो व केवळ वेग बदलून यंत्र वर-खालीं जातें. हें सोपें, पण वाऱ्यापुढें दुबळें. तिसऱ्यांत पात्यांचा कलच बदलतां येतो. खरें हेलिकॉप्टर तें हेंच, व सर्वांत निसरडेंही हेंच. शिकणाऱ्यानें आधीं चांगला नियंत्रक घ्यावा, तो संगणकास जोडून पडद्यावरील आभासी यंत्र महिनोन्महिने उडवावें, कारण तेथें पडण्यास पैसे पडत नाहींत. आणि मग हलक्या, लहान पात्यांच्या यंत्रास हात घालावा. मोटर बंद ठेवणारी कळ लावल्यावांचून यंत्राजवळ कधींही जाऊं नये. सूनबाईंनीं हें सर्व वहींत उतरवून घेतलें, आणि परततांना त्यांनींच सांगितलें कीं नियंत्रक घेऊं; यंत्राचें पुढें पाहूं.

खेळणें म्हणून या वस्तूंस तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. विल्बर राइट यांचा जन्म १८६७ सालीं मन्सीच्या दक्षिणेस, मोटारीनें तासाच्या आंतल्या अंतरावरील मिलव्हिल गांवाजवळ झाला. १८७८ सालीं वडिलांनीं त्यांस व ऑर्व्हिल यांस रबराच्या पिळानें उडणारें खेळण्यांतलें हेलिकॉप्टर आणून दिलें, आणि त्यांतून त्यांस उड्डाणाची गोडी लागली. आर्थर यंग यांनीं पंख्यास स्थैर्य देणारा दांडा प्रथम लहान प्रतिकृतींवरच सिद्ध केला व मग तो 'बेल ४७' या हेलिकॉप्टरावर चढला. त्या यंत्रास १९४६ सालीं नागरी वापराचा परवाना मिळाला. पुढें १९७० च्या सुमारास जर्मनीचे डीटर श्लूटर यांनीं बिनतारी हेलिकॉप्टर खऱ्या अर्थानें हातीं आणलें. आतां दांड्याचें काम विजेचें यंत्र करतें, आणि कित्येक ड्रोन तर माणसाच्या हातावांचून हवेंत स्थिर राहतात. मग हाताचा अभ्यास कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, ड्रोन स्थिर राहिला म्हणून तो चालविणारा स्थिर होत नाहीं.

२०२० च्या वसंतांत शाळा बंद झाल्या आणि नातवाचा पडद्यावरील अभ्यास वाढला. त्या वर्षाच्या अखेरीस तळहाताहून थोडें मोठें यंत्र घरांत आलें. एके दिवशीं दूरध्वनीच्या पडद्यावर त्यानें तें आपल्याकडे तोंड करून अंगणांत उभें धरलें, आणि सूनबाई शेजारीं मोठ्यानें सेकंद मोजीत होत्या. एकशें वीसपर्यंत आंकडा गेला. पुढें १९ एप्रिल २०२१ रोजीं मंगळावर 'इंजेन्युइटी' नांवाचें लहान हेलिकॉप्टर प्रथम उडालें. राइट बंधूंच्या विमानाच्या कापडाचा एक तुकडा त्यास बांधलेला होता. तें ३ मीटर उंच चढलें, वर स्थिर राहिलें, आणि सुमारें ३९ सेकंदांत परत उतरलें. त्या दिवशीं नातवाचा दूरध्वनि आला. तो म्हणाला, "आजोबा, त्यानेंही आधीं नुसतें उभें राहूनच दाखविलें."