डोळे उघडण्याआधीची ओळख

लांडगा म्हटलं की तुम्हाला आधी काय आठवतं? बहुतेक 'लांडगा आला रे आला' म्हणून ओरडणारा तो खोडकर गुराखी. मग लाल टोपीवाली मुलगी. मग मोगली. एका गोष्टीत लांडगा मेंढ्या खातो, दुसरीत आजीला खातो आणि तिसरीत माणसाचं मूल वाढवतो. आज तुम्हाला जिथे नेणार आहे तिथे याच्या उलटं घडतं. तिथे माणसं लांडग्याची पिल्लं वाढवतात, तीही रात्रंदिवस पाळ्या लावून.

जागा ऑस्ट्रियात आहे. व्हिएन्ना शहरातून उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटर गेलात की एर्न्स्टब्रुन नावाचं छोटं गाव लागतं. वाटेतला सगळा भाग वाइनफिर्टेल म्हणून ओळखला जातो. नावातच वाइन आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे दिसले तर नाशिकची आठवण येणं साहजिक आहे. गावाजवळच्या टेकड्यांवर झाडी आहे आणि त्या झाडीत एक वन्यप्राणी उद्यान. हरणं, रानडुकरं, मेंढ्या पाहत कुटुंबं फिरत असतात. पण इथे दूरदूरहून लोक येतात ते आत असलेल्या 'वुल्फ सायन्स सेंटर'साठी.

हे केंद्र २००८मध्ये तीन संशोधकांनी सुरू केलं: फ्रीडेरिके रांगे, झोफिया विरान्यी आणि कुर्ट कोट्रशाल. आज ते व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा भाग आहे. उंच कुंपणांच्या आत मोठमोठी कुरणं आहेत, काही तर अर्ध्या एकराहून कितीतरी मोठी. एका बाजूला लांडग्यांचे कळप, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचे कळप. हो, कुत्र्यांचेही! आणि तीच या जागेची खरी गंमत आहे. लांडगा आणि कुत्रा यांच्यात नेमका फरक काय, हे शोधायचं असेल तर दोघांना एकाच पद्धतीने वाढवायला हवं ना? घरात सोफ्यावर वाढलेला कुत्रा आणि पिंजऱ्यात वाढलेला लांडगा यांची तुलना केली, तर तो फरक जातीचा की संगोपनाचा, हे कसं कळणार? म्हणून इथे दोघांचंही बालपण सारखंच.

आता त्या बालपणाकडे येऊ.

पिल्लं जंगलातून पकडून आणलेली नसतात. ती प्राणिसंग्रहालयांतल्या, कैदेतच जन्मलेल्या लांडग्यांची असतात. जन्मल्यानंतर पहिल्या दहा दिवसांतच त्यांना आईपासून वेगळं केलं जातं. दहा दिवस! तेव्हा पिल्लू हाताच्या ओंजळीत मावेल एवढंच असतं. गडद तपकिरी लव, चपटं नाक, डोकं जड, डोळे मिटलेले. कान अजून डोक्याला चिकटलेले, ऐकू काहीच येत नाही. स्वतःच्या अंगाची ऊबही त्याला नीट धरून ठेवता येत नाही, म्हणून भावंडं एकमेकांवर ढीग करून झोपतात.

त्या ढिगाशेजारी माणूस झोपतो. दर काही तासांनी बाटलीने दूध पाजायचं. पाजून झालं की ओल्या फडक्याने पोटाखाली हळूच पुसायचं, कारण एवढ्या लहान पिल्लाला शी-शूसुद्धा आपली आपण होत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच ते होतं. ते काम आता फडक्याचं. वजन करायचं, नोंद करायची, जरा डोळा लागतो न लागतो तोच पुढच्या दुधाची वेळ. ज्यांच्या घरात नुकतंच बाळ आलंय त्यांना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे एकाच वेळी चार-पाच बाळं असतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना सुईसारखे दात येऊ लागतात.

पहिले पाच महिने पिल्लांना माणसांचा सहवास अखंड मिळतो. बाटलीनंतर हातानेच मांस भरवलं जातं. त्यानंतर ती मोठ्यांच्या कळपात सामील होतात. माणसं तरीही रोज भेटत राहतात, प्रशिक्षणासाठी आणि प्रयोगांसाठी.

पण डोळे उघडण्याआधी का? थोडं मोठं झाल्यावर, आईचं दूध सुटल्यावर आणलं तर काय बिघडलं? तेव्हा आईचीही ताटातूट इतकी लवकर झाली नसती. माझ्याही मनात पहिला प्रश्न हाच आला, आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

अमेरिकेतल्या कॅथरिन लॉर्ड या संशोधिकेने लांडग्यांची ७ पिल्लं आणि कुत्र्यांची ४३ पिल्लं अगदी जवळून पाहिली. तिचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींचं नाक दुसऱ्या आठवड्यात काम करू लागतं, कान चौथ्या आठवड्यात, आणि नजर सहाव्या आठवड्याच्या सुमारास. इथपर्यंत दोघं सारखेच. फरक पुढे आहे. लांडग्याचं पिल्लू दुसऱ्या आठवड्यातच चालायला, आजूबाजूचं जग धुंडाळायला लागतं. म्हणजे कान बंद, नजर नाही, तरी स्वारी निघाली! सोबतीला फक्त नाक. कुत्र्याचं पिल्लू मात्र चौथ्या आठवड्यापर्यंत थांबतं. ते बाहेर पडतं तेव्हा त्याला वास येत असतो, ऐकू येत असतं आणि थोड्याच दिवसांत नीट दिसूही लागतं.

आता गंमत अशी, की ओळखी करून घेण्याची खिडकी दोघांनाही थोडेच दिवस उघडी मिळते. त्या दिवसांत जे भेटेल ते आपलं. खिडकी बंद झाली की नवं ते भीतीचं. लांडग्याची खिडकी आधी उघडते आणि आधी बंद होते. त्या काळात त्याच्याकडे वासाशिवाय काहीच नसतं. नंतर ऐकू येऊ लागलं की पहिले आवाज त्याला दचकवतात, दिसू लागलं की पहिली दृश्यं दचकवतात. म्हणून लॉर्डच्या म्हणण्यानुसार लांडग्याच्या पिल्लाला तीन आठवड्यांच्या आत चोवीस तास माणसाचा सहवास लागतो, तर कुत्र्याच्या पिल्लाला चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दीड तासही पुरतो.

दीड तास! आमच्या सोसायटीतला शेरू आठवा. तुमच्याही सोसायटीत एक असेलच. पार्किंगमध्ये जन्मला, वॉचमनकाकांनी चार वेळा चहात बुडवलेलं बिस्कीट दिलं, शाळेच्या बसला थांबलेल्या मुलांनी दोन वेळा डोक्यावरून हात फिरवला. झालं, तो आयुष्यभरासाठी माणसांचा झाला. लांडग्याच्या बाबतीत तेवढ्यासाठी माणसांना झोप सोडून आठवडेच्या आठवडे जमिनीवर पडून राहावं लागतं.

एवढं करून तो कुत्रा होतो का? नाही.

हे आधी कळलं होतं हंगेरीत. बुडापेस्टच्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला लांडग्यांची पिल्लं चक्क घरी वाढवली. एका पिल्लाला एक विद्यार्थी. अंगाशी बांधून फिरवायचं, बाटलीने पाजायचं, शेजारी झोपवायचं. झोफिया विरान्यी या त्याच गटातल्या. काही महिन्यांनी पिल्लांची रवानगी मोकळ्या जागेत करावी लागली. नंतर एक साधा प्रयोग झाला. दोरी ओढली की मांस मिळतं, हे कुत्र्यांना आणि लांडग्यांना शिकवलं. मग दोरी गुपचूप अडकवून ठेवली. कुत्र्यांनी थोडं ओढून पाहिलं आणि मागे वळून मालकाच्या तोंडाकडे पाहिलं, 'बघ ना, हे काय झालं?' लांडगे ओढतच राहिले. ज्या माणसाच्या कुशीत ते वाढले तो मागेच उभा होता. त्याच्याकडे त्यांनी क्वचितच पाहिलं. हा अभ्यास २००३चा.

पुढे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या एका केंद्रात ३७ लांडग्यांच्या पिल्लांना माणसांनी जवळ घेऊन झोपवलं, हाताने भरवलं. तुलनेला कुत्र्यांची ४४ पिल्लं होती, आणि ती मात्र आपल्या आईजवळ वाढत होती. म्हणजे माणूस जास्त मिळाला तो लांडग्यांना. तरीही बोट दाखवून 'खाऊ तिकडे आहे' हे सांगितलं की ते कळत होतं कुत्र्यांच्या पिल्लांना. अनोळखी माणसाकडे धावत जाण्यातही तीच पुढे.

यावरून लांडगा मठ्ठ ठरवू नका हं. एर्न्स्टब्रुनमध्ये दोन प्राण्यांनी दोरीची दोन टोकं एकाच वेळी ओढली तरच खाऊचा ट्रे पुढे येईल, असा खेळ मांडला होता. लांडग्यांना ४१६ प्रयत्नांत १०० वेळा जमलं. कळपात राहणाऱ्या कुत्र्यांना ४७२ प्रयत्नांत फक्त २ वेळा! लांडगा सहकार्य उत्तम करतो. फक्त त्याचा सोबती दुसरा लांडगा असतो. कुत्र्याने तो सोबती बदलला आणि आपल्याला निवडलं, असं मला वाटतं.

अर्थात निसर्ग इतका सरळ रेषेत चालत नाही. स्वीडनमध्ये हाताने वाढवलेल्या १३ पिल्लांपैकी तिघांनी, वय फक्त आठ आठवडे, अनोळखी माणसाने फेकलेला चेंडू हाक मारल्यावर परत आणून दिला. कुणी शिकवलं नव्हतं. हजारो वर्षांपूर्वी एखाद्या शेकोटीपाशी असंच एखादं पिल्लू रेंगाळलं असेल का, हा विचार त्या संशोधकांच्याही मनात आला.

हे सगळं वाचून एखादं पिल्लू आपणही वाढवावं, असं कुणाला वाटू शकतं. एक-दीड महिन्याचं लांडग्याचं पिल्लू दिसतंच तसं: निळसर डोळे, नुकते ताठ झालेले कान, तोंड वर करून 'ऊऽऽ' म्हणण्याचा केविलवाणा प्रयत्न. पण निळे डोळे काही आठवड्यांत पिवळे होतात आणि खेळातला चावा खरा होत जातो. असं वाढलेलं जनावर पुन्हा रानात सोडता येत नाही. माणसाची भीती गेलेला लांडगा भूक लागली की गावाकडेच येणार. गावात त्याचं काय होतं आणि गावाचं काय होतं, हे दोन्ही आपल्याला ठाऊक आहे. २०२४मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये लहान मुलं गमावलेल्या घरांना लांडग्याची भीती ही गोष्टीतली वाटत नाही. म्हणून एर्न्स्टब्रुनला पिल्लू आणताना त्याच्या म्हातारपणापर्यंतची सोय आधी करावी लागते. कैदेत लांडगा बारा-चौदा वर्षंही जगतो. आणि ज्या आईपासून ते पिल्लू काढलं तिचं काय? एवढ्या ज्ञानाची ही किंमत आहे आणि ती त्या मादीने मोजली आहे. मला हे संशोधन मोलाचं वाटतं, तरी हा हिशेब मनातून जात नाही.

आपल्याकडे तर प्रश्नच नाही. भारतीय लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पाळणं गुन्हा आहे. तो उरलाय तीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या देशातल्या वाघांपेक्षाही कमी. युरोपात पिल्लं वसंतात जन्मतात, दख्खनच्या माळावर थंडीत. त्या दिवसांत माळावर एखादं पिल्लू एकटं दिसलं, तर ते अनाथ असेलच असं नाही. धोका वाटला की लांडगी पिल्लांना तोंडात धरून एकेक करून दुसऱ्या बिळात हलवते. तुम्ही पाहताय ते कदाचित पुढच्या फेरीची वाट बघत असेल. हात न लावता लांब व्हा आणि वनविभागाला कळवा. उचलून घरी नेलंत, तर आई परत येऊन रिकामी जागा हुंगत बसेल.

एर्न्स्टब्रुनला जायचं झालं तर व्हिएन्नाहून गाडीने तासाभरात पोहोचता. बसनेही जाता येतं, पण वेळा आधी पाहून ठेवा. केंद्राचे मार्गदर्शनासह कार्यक्रमही असतात, त्यांची नोंदणी निघण्याआधीच करा. तेवढा लांबचा प्रवास नको असेल तर भारतातही जागा आहेत. गुजरातमध्ये भावनगरजवळचं वेळावदर, काळविटांच्या कळपांमागे लांडगे असतातच. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातलं बंकापूर. झारखंडमधलं महुआडांड, १९७६मध्ये खास लांडग्यांसाठी राखलेलं. आणि महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर वनविभागाची गवताळ प्रदेशाची सफारी.

माळावर पहाटेच पोहोचा. ऊन चढलं की लांडगा गवतात असा बसतो की वीस पावलांवरूनही दिसत नाही. गाडीतून उतरू नका, मुलांना शांत बसवा, आणि आधी मेंढ्यांच्या कळपाकडे पाहा. कळपातली कुत्री एकाच दिशेला तोंड करून उभी असतील, तर दुर्बीण त्या दिशेला लावा.